राजकन्या गोरीच का असते?

मित्रांनो, आज लेख वाचायला सुरुवात करण्याआधी एक छोटासा खेळ खेळूया. डोळे मिटा. मी एक शब्द सांगते आणि तुमच्या मनात जे चित्र येईल ते नीट बघून ठेवा. शब्द आहे – राजकन्या.

बघितलं? आता खरं खरं सांगा. ती गोरी होती ना? लांब केस, मोठे डोळे, नाजूक बांधा, अंगावर घेरदार झगा. सावळी, ठेंगणी, चष्मा लावलेली किंवा दात थोडेसे पुढे असलेली राजकन्या तुमच्यापैकी किती जणांच्या मनात आली? लाजायचं कारण नाही. माझ्याही मनात नाही आली.

हाच खेळ मी वर्गात खेळले होते. मुलांना राजकन्येचं चित्र काढायला सांगितलं. चित्रं वेगवेगळी, पण रंग जवळजवळ सगळ्यांचा एकच. खडूच्या पेटीत तो फिकट गुलाबी खडू असतो बघा, त्याला आपण सगळेच 'स्किन कलर' म्हणतो. त्या खडूसाठी वर्गात मारामारी चालली होती. "मॅडम, याच्याकडून स्किन कलर द्या ना!" मी त्या मागणाऱ्या हाताकडे बघितलं. हात छान तांबूस-तपकिरी होता. त्या खडूशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. खरं तर वर्गात एकाही मुलाची कातडी त्या रंगाची नव्हती, माझीही नाही. मग तो 'स्किन कलर' नेमका कुणाच्या स्किनचा?

या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला आधी माझीच एक चूक कबूल केली पाहिजे.

झाड झालेली मुलगी

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. शाळेचं स्नेहसंमेलन होतं आणि मी 'हिमगौरी आणि सात बुटके' हे नाटक बसवत होते. पाचवीतल्या एका मुलीला अख्खं नाटक पाठ होतं. हिमगौरीचे संवाद, राणीचे संवाद, आरशाचेसुद्धा. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ. पण रंगाने काळी होती. मी फार विचारसुद्धा केला नाही. हिमगौरी म्हणून वर्गातली सगळ्यात गोरी मुलगी उभी केली आणि या मुलीला जंगलातलं झाड केलं. हातात दोन फांद्या धरून उभं राहायचं, बस्स.

कार्यक्रमाच्या दिवशी हिमगौरी मधेच संवाद विसरली. स्टेजवर शांतता. आणि मग मागून, हळूच पण स्पष्ट, झाडाने संवाद सांगितला. प्रेक्षक खो-खो हसले. मीही हसले. नाटक पार पडलं.

दुसऱ्या दिवशी तिची आई भेटायला आली. तक्रार करायला नाही हो. उलट मुलीने मधे बोलल्याबद्दल माफी मागायला आली होती. जाता जाता म्हणाली, "बाई, तुम्ही पार्ट वाटणार होता ना, त्याच्या आधी आठ दिवस ती रोज सकाळी हळद आणि बेसन लावत होती तोंडाला. मी म्हटलं, आठ दिवसांत काय होतंय!"

त्या माऊलीने ते सहज सांगितलं, पण मला त्या रात्री झोप लागली नाही. दहा वर्षांच्या मुलीला माझी निवड कशावर होणार हे आधीच माहीत होतं. संवाद पाठ करून भागणार नाही, रंगही बदलावा लागेल, हे तिला कळलं होतं. आणि मी तिचा अंदाज खरा ठरवला.

गोष्टी आकाशातून पडत नाहीत

तुम्ही म्हणाल, यात गोष्टीचा काय दोष? जरा नाव बघा. मराठीत त्या राजकन्येचं नावच आपण 'हिमगौरी' ठेवलं. हिमासारखी गौर. गोरेपणा हा तिचा गुण नाही, तिची ओळखच आहे. सावत्र आई तिचा जीव घ्यायला निघते तेही त्याच कारणावरून: सगळ्यात सुंदर कोण? म्हणजे गोष्टीत दोनच मोठ्या बायका, आणि दोघींचं आयुष्य एका आरशाच्या मतावर टांगलेलं. आणि ते सात बुटके? राहायला घर त्यांनी दिलं, दोनदा तिचा जीव वाचवला, दिवसभर खाणीत राबले. ग्रिम बंधूंच्या गोष्टीत त्यांना साधी नावंही नाहीत. राजपुत्र येतो, तिचं रूप बघतो, तिला घेऊन जातो. त्याने केलं काय? तर बघितलं.

आता एक गंमतीची माहिती. जर्मनीतल्या ग्रिम बंधूंनी ही गोष्ट १८१२ मध्ये पहिल्यांदा छापली तेव्हा त्यात सावत्र आई नव्हतीच. मुलीवर उठलेली ती राणी तिची सख्खी आई होती. पुढे १८१९ च्या आवृत्तीत त्यांनी तिची सावत्र आई केली. म्हणजे लक्षात घ्या, आपण ज्या गोष्टीला 'पूर्वापार चालत आलेली' म्हणतो, ती छापणाऱ्यांनीच सात वर्षांत बदलली होती! १९३७ मध्ये डिस्नेच्या चित्रपटात ती पुन्हा बदलली. गोष्टी माणसं घडवतात आणि माणसंच बदलतात. मग आपण का बदलू नयेत?

त्याच ग्रिम बंधूंची सिंड्रेला घ्या. त्यातल्या सावत्र बहिणी दिसायला गोऱ्या आणि सुंदर आहेत असं ते सांगतात. वाटतं, चला, इथे तरी रूप आणि स्वभाव वेगळे केले. पण पुढे त्यांचं मन कसं होतं? तर काळं. झालं! वाईटपणाला रंग द्यायचा म्हटला की काळाच. आपल्या भाषेत तरी वेगळं काय आहे? काळं मन, काळी करणी, काळा बाजार, तोंड काळं करणे. या शब्दांनी आपण कुणाला दुखवायला निघालेलो नसतो. पण सावळं लेकरू हे शब्द दिवसभर ऐकत असतं, हे विसरू नका.

आणि ते कुरूप बदकाचं पिल्लू? हान्स अँडरसनची १८४३ मधली गोष्ट. आपल्याकडे गदिमांच्या गाण्यामुळे ती घराघरात पोचली. मला ते गाणं आजही आवडतं. दुबळ्या मुलाला त्यातून धीर मिळतो हेही खरं. पण एकदा एका मुलाने वर्गात मला विचारलं, "मॅडम, ते पिल्लू राजहंस निघालं म्हणून बरं. बदकच निघालं असतं तर?" मित्रांनो, मला उत्तर देता आलं नाही. कारण गोष्ट सांगते, थांब, तू एक दिवस सुंदर होशील, मग सगळे तुला मान देतील. ती असं सांगत नाही, की तू आहेस तसाच असलास तरी तुला चोच मारायचा कुणाला अधिकार नाही. माझ्या वर्गातली बहुतेक मुलं राजहंस निघणार नाहीत. चांगली, धडधाकट, कष्टाळू बदकं निघतील. त्यांनी काय करायचं?

आपण नाशिककर काय करतो?

सगळा दोष परदेशी गोष्टींवर ढकलून मोकळं होणं सोपं आहे. पण आपण तर नाशिकचे! आपल्या गावाच्या नावामागेच नाकाची गोष्ट आहे. पंचवटीत लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं, म्हणून 'नासिक', असं आपण लहानपणापासून ऐकतो. (नऊ शिखरांवरून नाव पडलं असंही काही जण सांगतात.) वाल्मीकी रामायणाच्या अरण्यकांडात ती रामासमोर येते तेव्हा दोघांची तुलना केली आहे. त्याचं मुख सुंदर, हिचं कुरूप. त्याची कंबर बारीक, हिचं पोट मोठं. त्याचे केस सुंदर, हिचे तांबडे. एकेक अवयव समोरासमोर ठेवलेला. तिने पुढे सीतेवर झडप घातली, ती चूकच होती. पण शिक्षा बघा कशी, तर चेहऱ्यालाच. बाईला जन्माची अद्दल घडवायची तर तिचं रूप बिघडवायचं, ही कल्पना किती जुनी आहे!

मी इथे रामायणाचा न्याय करायला बसलेले नाही. तेवढा माझा अधिकारही नाही. मला बोलायचंय ते आपल्याबद्दल. शाळेच्या नाटकात रामायण असलं की आपण राक्षसांच्या तोंडाला काजळ फासतो आणि रामाला पावडर लावून गोरा करतो. अहो, पण राम तर श्यामवर्ण! तो सावळा होता हे आपल्याच परंपरेने शतकानुशतकं सांगितलंय. पंचवटीत जाऊन बघा ना. काळाराम मंदिरातली मूर्ती काळ्या पाषाणाची आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार रंगराव ओढेकरांनी आजचं देऊळ बांधलं. तिथून थोड्याच अंतरावर गोराराम मंदिरही आहे. एकाच गावात काळा राम आणि गोरा राम, आणि कुठला राम जास्त देखणा असा वाद कोणी घातल्याचं मी ऐकलेलं नाही. पंढरपूरचा विठोबा काळा. द्रौपदीचं तर एक नावच 'कृष्णा', म्हणजे सावळी. आपला शेतकरी जमिनीला 'काळी आई' म्हणतो. आणि निफाड-दिंडोरीच्या बागेतल्या काळ्या द्राक्षांना जरा जास्त भाव मिळाला तर आपल्याला आनंदच होतो!

म्हणजे देव काळा चालतो, माती काळी चालते, द्राक्ष काळं चालतं. सून मात्र गोरीच पाहिजे.

याच काळारामाच्या दारात २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांसारखे आपल्या जिल्ह्यातले कार्यकर्ते त्यात पुढे होते. तो लढा रंगाचा नव्हता, जातीच्या अपमानाविरुद्धचा होता, आणि तो फार मोठा होता. दोन्ही गोष्टींची बरोबरी मी करत नाही. पण त्यातून शिकण्यासारखी एक गोष्ट मला कायम आठवते. माणसाने काय केलं हे न बघता, जन्माने मिळालेल्या गोष्टीवरून त्याला दाराबाहेर उभं करायचं, हा अन्याय आहे. रंग आणि चेहरासुद्धा जन्मानेच मिळतो. कोणी अर्ज करून मागून घेत नाही.

पुस्तकातही तेच

"मॅडम, गोष्टीच त्या! मुलं मोठी झाली की विसरतात." असं एका सहकाऱ्याने मला सांगितलं. खरंच विसरतात का?

वर्तमानपत्रातल्या वधू-वरांच्या छोट्या जाहिराती वाचा. गोरी, सडपातळ, उंच, गृहकृत्यदक्ष. शिक्षण, नोकरी सगळं त्यानंतर. सावळ्या मुलीचे आईवडील बिचारे 'गव्हाळ' किंवा 'निमगोरी' लिहितात, म्हणजे अर्धा मार्क तरी मिळावा! गोरं करण्याचं आश्वासन देणारं 'फेअर अँड लव्हली' हे क्रीम आपल्या देशात १९७५ साली आलं. पंचेचाळीस वर्षांनी, जगभर वर्णभेदाविरुद्ध आवाज उठला तेव्हा, २०२० मध्ये त्याच्या नावातून 'फेअर' हा शब्द गेला आणि 'ग्लो' आला. त्याच वर्षी लग्न जुळवणाऱ्या 'शादी डॉट कॉम'नेही वर्णावरून स्थळं निवडण्याची सोय काढून टाकली. चांगलं झालं. पण पाटी बदलली म्हणून दुकानातला माल बदलतोच असं नाही.

आणि आपण शिक्षक तरी कुठे सुटलो? २०१७ च्या फेब्रुवारीत आपल्या राज्य मंडळाच्या बारावीच्या समाजशास्त्राच्या पुस्तकावरून केवढा गदारोळ झाला होता, आठवतंय? हुंड्याची कारणं सांगताना मुलीचं कुरूप असणं किंवा अपंग असणं हेही एक कारण म्हणून त्यात दिलं होतं. मुलगी अशी असली तर लग्न जमणं अवघड जातं आणि वरपक्ष जास्त हुंडा मागतो, असा त्याचा आशय. टीका झाली, आणि तो भाग वगळण्याचं सरकारने जाहीर केलं.

समाजात असं घडतं, हे पुस्तकात लिहिणं चूक नव्हतं. घडतं ते लिहावंच लागतं. चूक होती ती 'कारण' या शब्दाची. हुंड्याचं कारण मुलीचा चेहरा नसतो, हुंडा मागणाऱ्याची हाव असते. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा. त्या कायद्याने हुंडा घेणाराही गुन्हेगार आणि देणाराही. पण पुस्तकाने कोडं असं मांडलं, की वाचणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीने आरशात बघावं आणि म्हणावं, माझ्यामुळे बाबांना कर्ज काढावं लागणार. हिमगौरीच्या आरशाचा प्रश्न आता बारावीच्या परीक्षेत आला, एवढाच फरक.

मग गोष्टी सांगायच्याच नाहीत का?

सांगायच्या! हजार वेळा सांगायच्या. गोष्टींवर बंदी घालून कोणाचं भलं झालेलं नाही. आणि सुंदर दिसावंसं वाटणं, सुंदर गोष्ट आवडणं यात काहीही पाप नाही. मलाही नवी साडी नेसल्यावर कोणी छान म्हटलं की आवडतं. माझा विरोध सौंदर्याला नाही. तो त्या हिशेबाला आहे: सुंदर म्हणजे चांगला, कुरूप म्हणजे वाईट, आणि चांगुलपणाचं बक्षीस म्हणजे राजपुत्र. हा हिशेब मुलग्यांनाही छळतो बरं का. राजपुत्र उंच, रुंद छातीचा, घोड्यावर बसलेला. मग वर्गातल्या बुटक्या, जाड्या, बारक्या मुलांना काय नावं पडतात ते तुम्हाला माहीतच आहे.

शिवाय आपल्याकडे दुसऱ्या गोष्टी नाहीत असं थोडंच आहे? श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी आठवा. राजाने गावातलं सगळं दूध आणून ओतलं तरी गाभारा भरला नाही. एका म्हातारीने आधी लेकरांना, वासरांना दूध पाजलं आणि उरलेलं खुलभर दूध वाहिलं, तर गाभारा भरला. ती म्हातारी दिसायला कशी होती? कहाणी सांगतच नाही! कारण गरजच नाही. लेकीकडे जाऊन भोपळ्यात बसून परत येणारी म्हातारी आठवा. वाघाला, कोल्ह्याला चकवलं ते तिच्या डोक्याने, रूपाने नाही. आणि चौदाव्या शतकात आपल्या चोखोबांनी वाकड्या उसाचं उदाहरण देऊन केवढी मोठी गोष्ट सांगितली. ऊस वाकडा असला म्हणून त्याचा रस कधी वाकडा होतो का?

काऊ-चिऊची गोष्ट तर आपण बाळाला घास भरवताना सांगतो. मी ती आता वर्गात सांगते आणि शेवटी विचारते, "बाहेर धो धो पाऊस पडत होता, घर वाहून गेलेला कावळा दारात भिजत उभा होता, आणि चिऊताई दार उघडायला वेळ लावत होती. चिऊताईचं बरोबर होतं का?" सुरुवातीला मुलं चिऊच्या बाजूने असतात. मग एखादा हळूच म्हणतो, "मॅडम, कावळा काळा होता म्हणून तिने उघडलं नसेल." आणि मग वर्ग असा काही बोलायला लागतो की तास संपल्याची घंटाही ऐकू येत नाही.

एवढं तर आपण करू शकतो

शिक्षक मित्रांनो, पालकांनो, मोठी भाषणं नकोत. चार साध्या गोष्टी करून बघा.

पहिली, 'पण' हा शब्द जपून वापरा. "काळी आहे पण हुशार आहे." "जाड आहे पण छान नाचते." या वाक्यातला 'पण' मुलांना बरोबर ऐकू येतो. काढून टाका तो. हुशार आहे, बस्स. छान नाचते, बस्स.

दुसरी, गोष्ट सांगून झाली की एक प्रश्न विचारा: यात सगळ्यात मोठं काम कोणी केलं? उत्तर क्वचितच राजपुत्र येतं.

तिसरी, खडूच्या पेटीतल्या त्या एका खडूला 'स्किन कलर' म्हणणं सोडा. तपकिरी, बदामी, काळा, मातकट, सगळेच स्किन कलर. मुलांना आपापला हात कागदावर ठेवून स्वतःचा रंग तयार करू द्या. खूप मजा येते.

आणि चौथी, नाटकातल्या भूमिका डोळे मिटून वाटा. हे मी अगदी शब्दशः सांगतेय. आता मी मुलांना कपाटामागे उभं करून संवाद म्हणायला लावते आणि पाठ करून बसते. आवाज आवडला की भूमिका पक्की. गेल्या संमेलनात आमची राजकन्या वर्गातली सगळ्यात ठेंगणी मुलगी होती. तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचत होता. कोणीही विचारलं नाही की राजकन्या अशी कशी.

ती झाड झालेली मुलगी आता कॉलेजात आहे. कधी कधी रविवार कारंजाच्या बाजूला दिसते, लांबूनच "मॅडम!" म्हणून हाक मारते. हसून बोलते. तिला ते नाटक आठवतं की नाही, मला माहीत नाही. विचारायचं धाडस अजून झालेलं नाही. पण त्या वेळी जे म्हणायला हवं होतं ते मी ठरवून ठेवलंय: बाळा, संवाद तुला पाठ होते. हिमगौरी तूच होतीस. चूक माझी होती.

या वेळी भेटली की सांगणार आहे. आणि तुमच्याही वर्गात, घरात असं एखादं झाड उभं असेल, तर त्याला अजून वेळ आहे तोवर बोलू द्या.